फवारणीच्या औषधाचं ‘टेक्निकल’ विचारणारे आपण, लेकराच्या सिरपचं का विचारत नाही?

शेंदूरजनाघाटचा संत्रा उत्पादक कृषी सेवा केंद्रात गेला की सगळ्यात आधी काय विचारतो? बाटलीवरचं नाव नाही. तो विचारतो, “यातलं टेक्निकल कोणतं?” कंपनी कोणतीही असो, डब्याचा रंग कोणताही असो, आत कोणतं रसायन आहे, किती टक्के आहे आणि पंपाला किती मिली टाकायचं, हे विचारल्याशिवाय तो पैसे देत नाही. दुकानदाराने एका कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचं दिलं तर तो बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचतो.

तोच माणूस संध्याकाळी चौकातल्या मेडिकलवर जातो आणि म्हणतो, “लेकराले खोकला हाय, एखादी चांगली बाटली द्या.”

बाटली मिळते. टेक्निकल कोणी विचारत नाही.

गावातल्या कोणाला नावं ठेवायला हे लिहिलेलं नाही. पुण्या-मुंबईतही हेच चालतं. पण शेंदूरजनाघाटचं नाव घ्यायला कारण आहे. वरुड तालुक्यातलं हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. डोंगर ओलांडला की बैतूल आणि पांढुर्णा हे जिल्हे लागतात. पांढुर्णा तर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचाच भाग होता. बाजार, सोयरिक, दवाखाना या तीन कामांसाठी इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे सतत येत-जात असतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कफ सिरपमुळे जी लहान लेकरं दगावली, ती याच पट्ट्यातली होती. सगळ्यात जास्त छिंदवाड्याच्या परासिया भागातली, आणि काही बैतूल-पांढुर्ण्याचीही. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं.

बातम्या आल्या, चर्चा झाली, अटक झाली, विषय मागे पडला. पण त्या बाटलीत नेमकं काय होतं आणि ते शरीरात गेल्यावर काय झालं, हे समजून घ्यायला डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाचं फार्माकॉलॉजीचं पुस्तक पुरेसं आहे. औषध शरीरावर काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, एवढ्या दोन प्रश्नांवर तो अख्खा विषय उभा आहे. चला, त्याच दोन प्रश्नांनी ही बाटली उघडून बघू.

आधी घडलं काय ते थोडक्यात

सप्टेंबर २०२५ मध्ये परासिया भागात पाच वर्षांखालची मुलं आजारी पडू लागली. सुरुवात साधी होती. ताप, सर्दी, खोकला. डॉक्टरकडे नेलं, औषध दिलं, ताप उतरलाही. पण दोन-तीन दिवसांनी लघवी कमी झाली, मग बंदच झाली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. सुरुवातीला संशय साथीच्या आजारांवर गेला. पाणी तपासलं, उंदरांपासून, डासांपासून होणारे आजार तपासले, पुण्याच्या विषाणू संस्थेकडे नमुने गेले. त्यातून उत्तर मिळालं नाही. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासल्यावर संशय विषारी रसायनाकडे वळला, आणि दगावलेल्या मुलांना काय पाजलं होतं हा प्रश्न पुढे आला. नाव निघालं ‘कोल्ड्रिफ’.

हे सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात स्रेसन फार्मास्युटिकल्स नावाच्या कारखान्यात तयार झालं होतं. बॅच नंबर एसआर-१३, उत्पादन मे २०२५. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की तोवर तपासलेल्या नमुन्यांत घातक रसायन सापडलेलं नाही. आणि त्याच सुमारास तामिळनाडूच्या औषध विभागाने थेट कारखान्यातून उचललेल्या नमुन्याचा अहवाल आला. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं, ४८.६ टक्के. म्हणजे तपासलेल्या नमुन्यात नव्हतं, आणि जे पाजलं गेलं त्या बॅचमध्ये होतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. ‘नमुने स्वच्छ निघाले’ ही बातमी वाचताना कोणते नमुने, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

मृतांचा आकडा वीसच्या पुढे गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबरला या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याचा इशारा दिला. कारखान्याच्या मालकाला अटक झाली, परवाना गेला. परासियातल्या एका डॉक्टरलाही अटक झाली, आणि त्याविरोधात डॉक्टरांच्या संघटनेने आवाज उठवला. त्या मुद्द्याकडे पुढे येऊ.

बाटलीत औषध चिमूटभर, बाकी काय?

फार्मसीच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच शिकवतात की औषधी घटक वेगळा आणि औषधाचं रूप वेगळं. साध्या पॅरासिटामॉल सिरपचं उदाहरण घ्या. ५ मिली सिरपमध्ये १२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ५ मिली म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम वजनाचं द्रव. त्यातलं औषध सव्वाशे मिलीग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा आठवा हिस्सा. उरलेलं साडेचार ग्रॅमच्या वरचं सगळं पाणी, साखर किंवा सॉर्बिटॉल, रंग, वास, टिकवण्यासाठीची रसायनं आणि औषध विरघळवणारं द्रावक.

हे द्रावक आपल्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. गोळीत त्याने फरक पडत नाही, पण सिरपमध्ये ते तळाशी बसलं तर पहिल्या चमच्यात औषध कमी आणि शेवटच्या चमच्यात जास्त जाईल. म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखं घट्टसर, गोडसर द्रव वापरतात. औषधासाठी लागणाऱ्या शुद्धतेचं असेल तर ते ठराविक प्रमाणात सुरक्षित असतं. घोळ असा की दिसायला तसंच, चवीला तसंच गोड आणि तसंच घट्ट असं आणखी एक द्रव बाजारात आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. ते रेझिन, शाई, ब्रेक ऑइल अशा कामांत वापरतात. डोळ्यांनी, नाकाने, जिभेने दोघांतला फरक ओळखता येत नाही. तो फरक प्रयोगशाळेतच कळतो.

भारतीय औषधकोशानुसार या अशुद्धीची मर्यादा ०.१ टक्के आहे. सापडलं ४८.६ टक्के. गुणाकार सोपा आहे, मर्यादेच्या ४८६ पट. चमच्यात मोजायचं तर ५ मिलीच्या एका डोसमागे जवळपास अडीच ग्रॅम. पॅरासिटामॉलपेक्षा कितीतरी पट जास्त वजनाचं विष. याला मग ‘भेसळ’ हा शब्द तरी कसा पुरेल, ते तुम्हीच ठरवा. अर्धी बाटलीच दुसऱ्या पदार्थाची होती.

आता हे विष शरीरात काय करतं

फार्माकॉलॉजीत कोणत्याही पदार्थाचा प्रवास चार टप्प्यांत शिकवतात. शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ही गोष्ट एकदा नीट वाचली तर विसरणार नाहीत.

डायइथिलीन ग्लायकॉल पोटातून वेगाने शोषलं जातं. पाण्यात सहज मिसळत असल्यामुळे रक्तासोबत सगळ्या शरीरात पसरतं. इथपर्यंत फारसं काही दिसत नाही. मळमळ, उलटी, थोडी सुस्ती. ताप-खोकल्याच्या लेकरात या गोष्टी कोणाच्या डोळ्यांत येणार?

खरा खेळ तिसऱ्या टप्प्यावर होतो. यकृत हे शरीराचं प्रक्रिया केंद्र. आलेल्या परक्या पदार्थाचं रूप बदलून तो बाहेर टाकण्याजोगा करायचा, हे त्याचं काम. अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं विकर (दारू पचवायला जे लागतं तेच) डायइथिलीन ग्लायकॉलवर काम करतं आणि पुढच्या पायरीत त्यातून डायग्लायकोलिक अॅसिड तयार होतं. शरीर सुटका करून घ्यायला गेलं आणि त्यातूनच जास्त घातक वस्तू तयार झाली. हे आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साचतं आणि त्या पेशी मारतं. नलिका बंद पडल्या की लघवी बंद. आणि लघवी बंद झाली की चौथा टप्पा, उत्सर्जन, तोच संपला. विष बाहेर जायचा रस्ता विषानेच बुजवला. त्यानंतर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चेहऱ्याचे, हातापायांचे स्नायू साथ सोडतात, श्वास अडतो.

म्हणूनच ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी मुलं खालावली. आईबापांना वाटलं औषधाने गुण आला. पॅरासिटामॉल खरंच काम करत होतं, ताप उतरला तो त्याच्यामुळेच. त्याच वेळी यकृत दुसऱ्या पदार्थाचं रूप बदलत होतं.

उपचार याच साखळीवर बेतलेला आहे. फोमेपिझोल नावाचं औषध ते विकर अडवतं, म्हणजे घातक आम्ल तयारच होत नाही, आणि डायलिसिसने रक्त धुऊन काढता येतं. पण हे लवकर व्हायला हवं, आणि लवकर व्हायचं तर कोणाला तरी सिरपचा संशय यायला हवा. लहान मूल सहा-आठ तास लघवीच करत नसेल किंवा लंगोट नेहमीपेक्षा फारच कमी ओला होत असेल, तर ‘पाणी कमी प्यालं असेल’ म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत टाकून न्या. रिकाम्या असल्या तरी.

विष नसतं, तरी ती बाटली त्या वयाला योग्य होती का?

बातम्यांत हे दोन मुद्दे एकत्र कालवले गेले, म्हणून वेगळे करून बघू. पहिला मुद्दा विषाचा. तो कारखान्याचा आणि तपासणी यंत्रणेचा. डॉक्टर किंवा मेडिकलवाला बाटलीकडे बघून डायइथिलीन ग्लायकॉल ओळखू शकत नाही. दुसरा मुद्दा त्या सिरपच्या लेबलवर जे घटक होते त्यांचा. तो मात्र डॉक्टर, फार्मासिस्ट आणि आपण, सगळ्यांचा आहे.

कोल्ड्रिफमध्ये तीन औषधी घटक होते. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन मॅलिएट आणि फिनाइलएफ्रिन. ही तिकडी काही एकाच कंपनीची नाही. सर्दी-तापाच्या कितीतरी बाटल्यांवर तुम्हाला हीच नावं दिसतील. आज घरातली बाटली काढून बघा.

पॅरासिटामॉल मेंदूतल्या तापमान नियंत्रण केंद्रावर काम करून ताप उतरवतं. वजनाप्रमाणे दिलं तर लहान मुलांसाठी चांगलं औषध आहे.

क्लोरफेनिरामिन हिस्टामिनला अडवतं. हिस्टामिनमुळे नाक वाहतं, शिंका येतात, म्हणून ते अडवायचं. पण हे जुन्या पिढीचं औषध रक्तातून मेंदूत शिरतं आणि गुंगी आणतं. रात्रभर खोकणारं लेकरू शांत झोपलं की ‘बाटली लागू पडली’ असं वाटतं. खोकला बरा झाला की लेकरू गुंगलं, हे आई कसं ओळखणार? फारच लहान मुलांत हीच गुंगी श्वास मंदावण्यापर्यंत जाऊ शकते.

तिसरं फिनाइलएफ्रिन. हे नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे बंद नाक मोकळं व्हायला हवं. नाकात थेंब टाकले तर होतंही. पण तोंडाने घेतलं की आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच त्याचा बराचसा भाग निकामी होतो, रक्तात पोचायच्या आधीच. याला पहिल्या फेरीचं चयापचय म्हणतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने मत दिलं की तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन बंद नाकावर परिणामकारक नाही. २०२४ मध्ये तिथे ते अशा औषधांतून काढण्याचा प्रस्तावही आला. म्हणजे तिघांपैकी एक गडी पगारावर आहे, काम मात्र जवळपास शून्य.

आणि या तिकडीत खोकल्यावरचं औषध कोणतं? तसं पाहिलं तर एकही नाही.

आणखी एक अडचण आहे, ती विद्यार्थ्यांनी नीट बघावी. प्रत्येक औषधाचं घड्याळ वेगळं असतं. पॅरासिटामॉलची रक्तातली पातळी दोन-तीन तासांत निम्मी होते, म्हणून ते चार ते सहा तासांनी पुन्हा देता येतं. क्लोरफेनिरामिन त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळतं. दोन्ही एका बाटलीत कोंबले की ताप पुन्हा चढला म्हणून दिलेल्या चमच्यासोबत, नको असलेलं गुंगीचं औषधही जातं. एकाचा डोस बदलायचा तर सगळ्यांचा बदलतो. संमिश्र औषधांचा हा मूळ दोष आहे, मग कंपनी कितीही नामांकित असो.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं की क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं संमिश्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही आणि तसं लेबलवर छापायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सूचना काढली. दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. पाणी, विश्रांती, वर्षापुढच्या मुलाला मध. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, त्याचा धोका वेगळा आहे.)

आता अटक झालेल्या डॉक्टरचा मुद्दा. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण ‘डॉक्टरला विष कसं कळणार’ हा युक्तिवाद बरोबर असला तरी अर्धाच आहे. वयाची सूचना डिसेंबर २०२३ पासून कागदावर होती. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि गावातल्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचली होती का, हे कोणी तपासलं? माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कमी विचारला गेलेला प्रश्न हा आहे.

महाराष्ट्राने हे आधी बघितलंय

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरॉल दिलं होतं. मेंदूतला किंवा डोळ्यातला वाढलेला दाब उतरवायला ते देत. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. मृत्यूही तसेच, मूत्रपिंडं निकामी होऊन. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. खरेदी कशी झाली, निकृष्ट माल पुरवणाऱ्याला परवाना कसा मिळाला, औषध प्रशासनात कोणाचं काय चालायचं, हे सगळं त्यांनी खणून काढलं. १९८८ मध्ये अहवाल बाहेर आल्यावर तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. आजही राज्यात औषध खरेदीची चर्चा निघाली की जुने लोक लेंटिन आयोगाचं नाव काढतात.

त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशकाचं पातळ औषध हवं म्हणून एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चव बघितली, रंग बघितला, वास बघितला. विषारी आहे का, हे बघितलंच नाही. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला की बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवावं लागेल.

आपल्याकडे १९९८ मध्ये गुरुग्राम, २०१९-२० मध्ये जम्मूतलं रामनगर. आणि २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान, जिथल्या मृत्यूंचा संबंध भारतात तयार झालेल्या सिरपशी जोडला गेला. त्या बदनामीनंतर केंद्राने १ जून २०२३ पासून नियम केला की निर्यात होणारं प्रत्येक कफ सिरप सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासूनच देशाबाहेर जाईल. देशातल्या देशात विकायच्या सिरपला तशी अट नव्हती. बाहेरच्या लेकरांसाठी चाळणी लावली आणि परासियाच्या, बैतूलच्या लेकरांसाठी कारखान्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. परासियानंतर मग औषध नियंत्रकांनी राज्यांना पत्र लिहिलं की कच्च्या मालाची प्रत्येक बॅच वापरण्याआधी तपासली जाते का ते बघा. कायद्यात हे आधीपासूनच होतं.

कांचीपुरमच्या त्या कारखान्यात तपासणी झाली तेव्हा साडेतीनशेच्या वर त्रुटी सापडल्या. एका दिवसात कोणत्याही कारखान्यात एवढ्या त्रुटी तयार होत नाहीत.

काउंटरच्या आत उभा असलेला माणूस

‘फार्मसी टेक्निशियन’ असं पद अमेरिकेत आहे, फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणारा मदतनीस. आपल्या कायद्यात असं पद नाही. आपल्याकडे एक तर नोंदणीकृत फार्मासिस्ट असतो, किंवा नसतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं असतं. फार्मासिस्ट व्हायला किमान डी. फार्म लागतं. दोन वर्षांचा अभ्यास आणि ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. महाराष्ट्रात त्याची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं आणि फार्माकॉलॉजी हा विषय दुसऱ्या वर्षाला असतो.

प्रत्यक्षात भिंतीवर परवाना एकाचा आणि काउंटरवर पोरगा दुसराच, हे चित्र तुम्ही बघितलं असेल. त्या पोराला बाटली कुठल्या खणात आहे हे पाठ असतं. फार्माकॉलॉजी नसते. आणि फरक कुठे पडतो ते एका हिशोबात दाखवतो.

मूल १० किलोचं. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे साधारण १५ मिलीग्रॅम, म्हणजे १५० मिलीग्रॅम. बाजारात पॅरासिटामॉल तीन रूपांत मिळतं. ५ मिलीत १२५ मिलीग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली द्यायचं. ५ मिलीत २५० मिलीग्रॅमचं असेल तर ३ मिली. आणि १ मिलीत १०० मिलीग्रॅमचे थेंब असतील तर फक्त दीड मिली. आता समजा, मागच्या वेळी डॉक्टरने ‘६ मिली’ सांगितलेलं आईच्या लक्षात आहे आणि या वेळी काउंटरवरून सिरपऐवजी थेंबांची बाटली आली. सहा मिली पाजलं तर ६०० मिलीग्रॅम जाईल. चौपट. एकदा नाही, दिवसातून चार वेळा. पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृतावर जातो, आणि तोही शांतपणे, दोन-तीन दिवसांनी दिसणारा.

त्यात वरून सर्दीची संमिश्र बाटली वेगळी. तापाचं औषध एक, सर्दीचं एक, आईला वाटतं दोन वेगळी औषधं. दोन्हींत पॅरासिटामॉल. ‘हे देत असाल तर ते देऊ नका’ एवढं एक वाक्य काउंटरवरून यायला हवं असतं. त्यासाठीच ती दोन वर्षं आणि ते ५०० तास असतात.

मोजायचं कशाने, हाही प्रश्न आहेच. स्वयंपाकघरातले चमचे एका मापाचे नसतात. कोणत्या घरचा चमचा अडीच मिलीचा, कोणाचा सात मिलीचा. संत्र्यावर फवारायला मापाचं झाकण लागतं, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला अंदाजपंचे.

गावात मेडिकल नसेल तिथे आणखी एक पळवाट आहे. औषध नियमांतल्या अनुसूची के नुसार हजाराच्या आतल्या लोकवस्तीच्या गावात काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात, आणि त्या यादीत खोकल्याची सिरपंही होती. म्हणजे किराणा दुकानातून. सातपुड्याच्या कुशीतल्या वाड्या-पाड्यांवर याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. परासियानंतर ‘सिरप’ हा शब्द त्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. माझ्या मते हा बदल खूप आधी व्हायला हवा होता. पण तो करताना त्या वाडीला जवळचं आरोग्य उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे, हेही त्याच टेबलावर मांडावं. नाहीतर बाटली बंद होईल आणि माणूस तिच्याऐवजी आणखी काहीतरी शोधेल.

मग मेडिकलवर गेल्यावर करायचं काय?

विष ओळखणं आपल्या हातात नाही, ते आधीच सांगितलं. पण परासियाच्या प्रकरणात सगळा शोध शेवटी एका गोष्टीवर येऊन थांबला, बॅच नंबर. महाराष्ट्राचा इशारा निघाला तो ‘एसआर-१३’ या बॅचसाठी. घरात बाटली आहे आणि बॅच नंबरचा कोपरा फाटलाय, बिलही नाही, तर त्या इशाऱ्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. दुकानदारालाही नाही, कारण कोणाला कोणती बॅच विकली हे त्याच्याकडे लिहिलेलंच नसेल, तर तो परत कोणाला बोलावणार? म्हणून पक्कं बिल. वीस रुपयांच्या बाटलीचं सुद्धा. त्यावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत.

मुलाचं वय आणि वजन मेडिकलवाल्याने विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. बाटली फिरवा. ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी ओळ आहे का बघा. इंग्रजीत असेल तर वाचून दाखवायला सांगा. नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात आहेत का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांचं नाव परवान्यासोबत भिंतीवर लावलेलं असतं. संशयास्पद औषधाची तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे.

आणि एवढं सगळं बोलायला जमत नसेल, तर कृषी सेवा केंद्रात विचारता तेच विचारा, “यातलं टेक्निकल कोणतं, आणि दहा किलोच्या लेकराले किती मिली?”